पहिला टॅरँटुला आणि स्वदेशीचा युक्तिवाद

धार आणि देवास ही पवारांच्या संस्थानांची जुनी राजधानीची गावे. पवारांबरोबर मालव्यात येऊन येथेच स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील एखादा मुलगा आज पोपट, कुत्रे, रंगीत मासे यांचा नाद बाजूस सारून आठ पायांचा, केसाळ, तळहाताएवढा टॅरँटुला कोळी पाळण्याची इच्छा घरात बोलून दाखवतो, तेव्हा आजीने कानांवर हात ठेवावेत आणि वडिलांनी तो विषयच पुन्हा काढू नये म्हणून बजावावे, हे स्वाभाविक आहे. त्या भीतीचे निरसन करणे फारसे कठीण नाही, आणि पुढे ओघाने ते येईलही. परंतु ज्या मताचा प्रतिवाद करण्यासाठी मी लेखणी उचलली आहे, ते मत भीतीतून जन्मलेले नसून उत्साहातून जन्मलेले आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक अनर्थकारक वाटते.

ते मत असे. पहिलावहिला टॅरँटुला पाळायचा, तर तो देशी असावा आणि रानातून धरून आणलेला असावा. तो याच भूमीत वाढलेला असल्यामुळे इथल्या उन्हापावसाला सरावलेला असतो; त्याला दमडी मोजावी लागत नाही; वाघाला आणि काळविटाला कायदा असला तरी कोळ्याला कसला कायदा; आणि त्याच्या दंशाने माणूस दगावत नाही, हे तर आता शास्त्रच सांगते. परदेशातील कोळ्यावर पैसे उधळण्यापेक्षा आपल्या मातीतला जीव सांभाळावा, यात एक प्रकारचे स्वदेशीचे व्रतही आहे, अशी पुस्ती वर जोडली जाते. या चार विधानांपैकी एखाददुसऱ्यात सत्याचा अंश आहे, हे मी नाकारत नाही. परंतु त्या चारांच्या आधारावर उभा केलेला सल्ला आरंभापासून अखेरपर्यंत चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्याला द्यावी लागते तो प्राणी तक्रार करू शकत नाही.

प्रथम हवामानाचे घेऊ. 'भारतीय हवामान' नावाची एकजिनसी वस्तू अस्तित्वात नाही. आपल्याकडील टॅरँटुलांतील ज्यांची कीर्ती सर्वांत मोठी, ते पोएसिलोथेरिया प्रजातीचे कोळी जुन्या, भरदार वृक्षांच्या ढोल्यांत राहतात. इतर अनेक जाती दरडींत आणि उतारांवर बिळे करून राहतात. ढोलीतली किंवा हातभर खोल बिळातली हवा ही बाहेरच्या हवेपेक्षा सर्वस्वी निराळी असते. भर वैशाखातही तेथे गारवा आणि ओल टिकून असते, आणि तो प्राणी टिकतो तो त्या आश्रयाच्या बळावर, स्वतःच्या कणखरपणाच्या बळावर नव्हे. त्याला तेथून उपसून देवासच्या एखाद्या गच्चीलगतच्या खोलीत, काचेच्या पेटीत ठेवले, की त्याचे 'देशीपण' त्याच्या काहीच उपयोगी पडत नाही. मालव्याच्या रात्री शीतल म्हणून उत्तर हिंदुस्थानात वाखाणल्या गेल्या आहेत खऱ्या, परंतु त्याच पठारावर मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषात पहाटे हात आखडतात. सह्याद्रीच्या अखंड पावसात किंवा नल्लमलाच्या अरण्यात वाढलेल्या कोळ्याला हे पठार मेक्सिकोइतकेच परके आहे.

आता रानातून आणलेल्या कोळ्याकडे जवळून पाहू. पावसाळ्याच्या दिवसांत वाटेवर, दिव्याखाली किंवा विश्रामगृहाच्या पडवीत जो मोठा कोळी माणसाला आढळतो, तो बहुधा वयात आलेला नर असतो. मादी आपले बीळ वा ढोली सहसा सोडत नाही. नर मात्र शेवटची कात टाकली की मादीच्या शोधार्थ बाहेर पडतो, आणि त्या भ्रमंतीतच तो आपल्या दृष्टीस पडतो. त्याची अंगकाठी सडसडीत असते, पाय उदराच्या मानाने लांब दिसतात, आणि तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शपादांची टोके फुगून त्यांवर बोंडासारखे अवयव आलेले असतात. ही खूण ज्याला ओळखता येते, त्याला हेही ठाऊक असते, की या प्राण्याचे आयुष्य आता बव्हंशी संपलेले आहे. मादी वीस वर्षे जगेल, परंतु असा नर बहुतेक वर्षभरात मरतो, आणि त्या उरलेल्या काळात त्याला अन्नाची वासनाही बेताचीच असते. म्हणजे फुकट मिळाला म्हणून ज्याला हौसेने घरी आणले, तो काही महिन्यांत मरायचाच होता. आणि तत्पूर्वी रानातील एखाद्या मादीला जे नरबीज मिळायचे, ते मात्र काचेच्या पेटीत वाया गेले. मुलगा हळहळतो, 'माझे काय चुकले' म्हणून विचारतो, आणि त्याला खरे उत्तर देणारा कोणी भेटत नाही. शिवाय रानातल्या कोळ्याच्या देहात परोपजीवी माशांच्या अळ्या किंवा सूत्रकृमी दडलेले असू शकतात. अशा प्राण्याचा अंत पाहण्याजोगा नसतो, आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

'रानातून एक कोळी उचलला तर रानाचे काय बिघडते' या प्रश्नाचे उत्तर गुत्तीच्या कोळ्याने देऊन ठेवले आहे. ही गुत्ती म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातली मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, जी पुढे १७७६ साली हैदर अलीने वेढा घालून घेतली. त्याच गावी रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका मादीवरून पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली पोएसिलोथेरिया मेटॅलिका या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर धातूसारखी चमकणारी निळाई असलेली ही जात (तो निळेपणा कुठल्या रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश परतल्यामुळे दिसतो) त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे कोणाच्या पाहण्यात आली नाही. २००१ साली ती नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात पुन्हा आढळली, तेव्हा कळले की गुत्ती हे तिचे घर नव्हतेच. ती बहुधा लाकडांबरोबर रेल्वेने तेथे येऊन पडली होती. तिचे खरे घर शंभर चौरस किलोमीटरांहूनही लहान, आणि तेही लाकूडतोडीने विरळ होत चाललेले. पुनःशोधाची वार्ता पसरताच अल्पावधीत ही जात युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या पेट्यांत दिसू लागली, आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तिची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून केली. जिची मादी प्रौढ होण्यास वर्षे लागतात, जी एका ढोलीला धरून राहते, अशा जातीच्या बाबतीत 'एकच तर उचलला' या वाक्याचा अर्थ एक ढोली, एक वंश, काही वेळा एक संपूर्ण वृक्ष उजाड झाला, असाही होतो. कारण ढोलीत हात जात नाही म्हणून खोडच फोडणारे लोक असतात.

धारच्या माणसाला तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मांडूच्या गोरखचिंचा, ज्यांना तेथले लोक मांडूची इमली म्हणतात, मुळांसकट उपटून हैदराबादेकडील एका बागेत नेण्याचा उद्योग काही वर्षांपूर्वी सुरू झाला, तेव्हा गावकरी आडवे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेले. शतकानुशतके उभा असलेला वृक्ष कोणाच्या बागेची शोभा म्हणून हलवला जावा, याची चीड ज्या प्रदेशाला आली, त्या प्रदेशातील तरुणाने त्याच न्यायाने दुसऱ्याच्या अरण्यातील ढोलीत हात घालू नये, इतकीच माझी मागणी आहे.

कोळ्याला कायदा नाही, हे तिसरे विधान तर सरळ असत्य आहे. पोएसिलोथेरिया ही सबंध प्रजाती २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती या कराराच्या परिशिष्टांतील प्राण्यांना चौथ्या अनुसूचीत जागा देते, आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर त्याची नोंद करण्याचे बंधन घालते; त्यासाठीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत निघाले असून अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे करावयाचा असतो. देवास-सीहोरच्या हद्दीवरील खिवनीसारख्या किंवा धार जिल्ह्यातील सरदारपूरच्या खरमोर अभयारण्यासारख्या क्षेत्रातून तर कोणताही वन्यजीव विनापरवाना हलवणे हा गुन्हाच आहे, मग तो अनुसूचीत असो वा नसो. परदेशातून गुपचूप मागवणाऱ्यांनीही आपण सुटलो असे समजू नये. २०२१ च्या जुलैमध्ये चेन्नईच्या विमानतळावर सीमाशुल्क खात्याने पोलंडहून आलेले एक टपाल-पार्सल उघडले, तेव्हा त्यात चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या लहान कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याचा दाखला नव्हता. माल जप्त होऊन पोलंडला परत रवाना करण्यात आला. त्या कुप्यांतील जिवांचे त्या दुहेरी प्रवासात काय हाल झाले असतील, हा विचार ज्याच्या मनात येत नाही, त्याने प्राणी पाळण्याच्या भानगडीत पडू नये.

राहिला दंशाचा मुद्दा. टॅरँटुलाच्या विषाने मनुष्य मेल्याची वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालेली नोंद नाही, हे खरे; वडील मंडळींच्या भीतीला हे उत्तर पुरेसे आहे. परंतु 'मरत नाही' म्हणजे 'काही होत नाही' असा अर्थ काढणे हा अविवेक झाला. अमेरिका खंडातील बहुतेक जातींच्या उदरावर खाज आणणारे सूक्ष्म केस असतात; त्या चिडल्या म्हणजे पाय घासून ते केस उडवतात, आणि त्यामुळे चावण्याची पाळी त्यांच्यावर सहसा येत नाही. आशियातील जातींना हे शस्त्रच नाही. त्यांच्यापाशी वेग आहे आणि विषदंत आहेत, आणि त्या दोन्हींचा उपयोग त्या विलक्षण तत्परतेने करतात. पोएसिलोथेरियाच्या दंशानंतर सर्वांगाच्या स्नायूंत जे पेटके येतात ते पुष्कळांना अनेक दिवस पुन्हापुन्हा छळतात, अशी वैद्यकीय वाङ्मयाची साक्ष आहे. पेटीचे झाकण उघडताच हातावरून खांद्यापर्यंत क्षणार्धात चढणारा आणि भिंतीमागे नाहीसा होणारा हा प्राणी अनुभवी माणसालाही जपून हाताळावा लागतो. तो नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे दोघांचाही अपराध करणे होय.

मग पहिला कोळी कोणता? माझे उत्तर असे, की तो अमेरिका खंडातील, जमिनीवर राहणारा, संथ स्वभावाचा आणि निश्चितपणे बंदिवासात जन्मलेला असावा: मेक्सिकोचा तांबड्या गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा, होंडुरास-निकाराग्वाकडचा कुरळ्या केसांचा टिल्टोकॅटल, किंवा चिलीचा गुलाबी छटेचा ग्रामोस्टोला. येथे प्रतिपक्ष विचारील, की आमचे अरण्य लुटू नये आणि मेक्सिकोचे लुटावे, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे, आणि 'बंदिवासात जन्मलेला' या अटीवर मी इतका भर देतो तो याच कारणाने. मेक्सिकोच्या अरण्यांतून या सुंदर कोळ्यांची एवढी लयलूट झाली, की तांबड्या गुडघ्यांच्या जातीला १९८५ साली आणि सबंध ब्रॅकिपेल्मा प्रजातीला १९९४ साली साइट्सचे संरक्षण द्यावे लागले. आज या जातींची पैदास मनुष्याच्या देखरेखीखाली उत्तम होते, त्यामुळे रानातला जीव आणण्याचे निमित्त कोणालाच उरलेले नाही. विक्रेत्याकडे पैदाशीचा आणि नोंदणीचा कागद मागावा. तो कागद त्याच्यापाशी नसेल, किंवा तो दाखवण्यास टाळाटाळ करील, तर तेथून रिकाम्या हाताने परत यावे. नवजात पिल्लू घेऊ नये, कारण ते नखाएवढे असते आणि एका दिवसाच्या दुर्लक्षाने सुकून जाते. दोन-तीन इंच पायपसाऱ्याचे, स्थिरावलेले पोर घ्यावे. मादी असल्याची खात्री करायची तर तिने टाकलेली कात पाण्यात भिजवून उलगडावी आणि पुढच्या फुप्फुसांच्या जोडीच्या मधोमध असलेली शुक्रकोशाची घडी भिंगाने पाहावी.

संगोपनाच्या बाबतीत मालव्यातील माणसाला काही गोष्टी पुस्तकांत सापडणार नाहीत. पेटीत भरण्यासाठी घराबाहेरची काळी माती उचलण्याचा मोह होतो, तो टाळावा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यात केलेले बीळ कोळ्याच्या अंगावर कोसळते. त्याहून गंभीर बाब अशी, की सोयाबीन आणि कापसाच्या शेतातली माती कीटकनाशकांच्या फवाऱ्याखालून आलेली असते. शेतातून पकडलेला टोळ किंवा घरातले झुरळ खाऊ घालणे हेही त्याच कारणास्तव निषिद्ध समजावे. रातकिडे आणि झुरळे स्वतंत्र पैदास करूनच द्यावीत. मातीऐवजी धुऊन वाळवलेला काथ्याचा भुसा वापरावा, आणि तो इतका उंच भरावा, की भुशापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायपसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक राहणार नाही. कारण हा जड देहाचा प्राणी काचेवर चढतो, पडतो, आणि हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे उदर फुटते. झाकण तारेच्या जाळीचे नसावे, तिच्यात पायांच्या नख्या अडकतात. लपण्यासाठी फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा आणि पाण्यासाठी एक उथळ वाटी, एवढा सरंजाम पुरेसा आहे.

माणसाला जी हवा सुखावह वाटते, ती या जातींना मानवते. थंडीत दिव्याची ऊब देऊ नये, आणि मे महिन्यात पेटी खिडकीत ठेवू नये, कारण काचेवर पडलेले ऊन अर्ध्या तासात आतल्या जिवाचा घास घेते. जुन्या वाड्यातली जाड भिंतींची माजघराची खोली यासाठी सर्वोत्तम; पाण्याची वाटी भरलेली आणि भुशाचा एक कोपरा ओलसर ठेवला म्हणजे उन्हाळा निभावतो. पावसाळ्यात उलट बुरशीची चिंता असते, तेव्हा हवा खेळती ठेवावी. सर्वांत मोठा धोका मात्र आपल्या संध्याकाळच्या रिवाजात आहे. डासांसाठी लावलेली वडी किंवा विजेवरचे द्रव्य, कोपऱ्यात ओढलेली कीटकनाशक खडूची रेघ, झुरळांवर मारलेला फवारा, ही सर्व कीटकांसाठी केलेली विषे कोळ्याचाही जीव घेतात. ज्या घरात यांवाचून रात्र जात नाही, त्या घरात कोळी आणू नये. यात मधला मार्ग नाही.

आणि कात टाकण्याचा प्रसंग येतो तेव्हा पाळणाऱ्याची खरी परीक्षा असते. कोळी काही आठवडे अन्न नाकारतो, उदराचा टकलावलेला भाग काळवंडतो, आणि मग एके रात्री तो जाळ्याच्या पातळ चटईवर उताणा होऊन निश्चल पडतो. नवशिक्याला वाटते, मेला. तो त्याला उलटवायला जातो, आणि त्या एका स्पर्शाने त्याचा खरोखरच अंत होऊ शकतो. वास्तविक त्या निश्चलतेत पाठीवरचे कवच झाकणासारखे उचकटत असते, आणि तासन् तास चाललेल्या मंद आंदोलनांनी एकेक पाय जुन्या आवरणातून मोजे काढल्याप्रमाणे ओढला जात असतो. बाहेर आलेल्या देहाचे विषदंत पांढरेशुभ्र असतात. ते तांबूस होऊन काळे पडेपर्यंत त्यांना बळ नसते, आणि तोवर पेटीत सोडलेला साधा रातकिडाही आपल्या धन्याला कुरतडून मारू शकतो. या दिवसांत भक्ष्य काढून घ्यावे, पाणी ठेवावे आणि दूर व्हावे. हा प्राणी हातावर घेण्यासाठी नाहीच. त्याला स्पर्शाची माया कळत नाही, आणि त्याचे केस डोळ्यांत गेले तर दुखणे जडते. इंग्लंडातील लीड्सचा एक तरुण पेटी साफ करत असताना कोळ्याने उडवलेले केस त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात रुतले, तो वृत्तान्त २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. केसांचे हे अस्त्र संथ अमेरिकी जातींपाशीच आहे, म्हणून पेटीशी काम करताना चष्मा लावावा आणि नंतर हात धुवावेत.

धार-देवासच्या पालकांशी याहून महत्त्वाचे एक बोलायचे आहे. आपली मुले बारावीनंतर इंदुरास जातात, तेथून पुण्यास किंवा बंगळुरास, आणि परतून येतात ती सणापुरती. सोळाव्या वर्षी आणलेली मादी त्या मुलाच्या लग्नापर्यंत आणि त्यानंतरही जगेल. पेटी माजघरात राहील आणि तिचा भार आईवर पडेल; तेव्हा आणण्यापूर्वीच तिची संमती घ्यावी, आणि ती मनापासून मिळत नसेल तर बेत रहित करावा. नंतर नकोसा झाला म्हणून परदेशी कोळी टेकडीवर किंवा नर्मदेकाठी सोडून देणे हा तर दुसरा गुन्हा ठरेल. पाळलेल्यांतून सुटलेल्या मेक्सिकन कोळ्यांनी अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात वस्ती केल्याचे उदाहरण समोर आहे.

ज्यांच्या घरी रानातून धरलेला देशी कोळी आजच पेटीत आहे, त्यांनी तो कोणाला विकू नये, कोणाला भेट देऊ नये, आणि दिसेल त्या झाडावर सोडूही नये, कारण ते झाड त्याच्या मूळ अरण्यातले असेलच असे नाही. त्याच्या धरण्याचे ठिकाण आणि दिवस आठवत असेल तितका कागदावर लिहावा, पेटी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी, वाटीत पाणी भरावे, आणि आपल्या जिल्ह्याच्या वनमंडलाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन सर्व हकीकत स्वतः होऊन सांगावी.